माल पाठवायच्या चलनाचं अ‍ॅप घरीच बनवलंय, ते चालू ठेवू का सहा लाखाचं सॉफ्टवेअर घेऊ?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र लांब होतं पण एकेक ओळ कामाची होती, म्हणून बाकी वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताईंचं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत घरचं मशीन शॉप आहे, सासरे आणि दीर बघतात, बावीस कामगार आहेत. फाउंड्रीतून म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, यांच्याकडे सीएनसी-व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर मशीनिंग होतं, त्यातले काही पार्ट पुढं कोटिंगला नाहीतर ग्राइंडिंगला बाहेर जातात आणि तुकड्यातुकड्याने परत येतात. हे सगळं इतकी वर्षं चलन बुक (मालाबरोबर जाणारी चिठ्ठी म्हणजे चलन), एक एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो यावर चाललेलं. ताईंनी रात्री पोरं झोपल्यावर व्हिडिओ बघून बघून गूगल शीटवर अ‍ॅपशीट नावाच्या गूगलच्या साधनात स्वतः एक अ‍ॅप बनवलं, तीन महिने ते चालू आहे, पण आता नग जुळत नाहीत, इन्स्पेक्शनवाला एंट्री करायला तयार नाही, सासरे म्हणतात उद्या कंपनीनं ते बंद केलं तर काय, आणि दिरांनी एका डेव्हलपरकडून सहा लाखाचं कोटेशन आणलंय. ताईंचा प्रश्न असा की "माझं अ‍ॅप म्हणजे नुसता हौसेचा उद्योग आहे का, ते बंद करून रीतसर सॉफ्टवेअर घ्यावं का?"

तर आधी उत्तर देतो आणि मग का ते सांगतो. अ‍ॅप चालू ठेवा. हौसेचा उद्योग तर अजिबात नाहीये तो. पण त्यात माल आला-गेला एवढंच ठेवा, तुम्ही मागच्या महिन्यात जे बिलाचं आणि पार्टी लेजरचं, म्हणजे पार्टीच्या खात्याचं, पान जोडलंय ते काढून टाका, आणि नवीन एकही स्क्रीन बनवायच्या आधी शीटची मांडणी बदला, कारण नग न जुळण्याचं मूळ तिथं आहे, अ‍ॅपशीटमध्ये नाही.

मी तुमच्या बाजूनं का बोलतोय ते सांगतो. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं की सीआर आणि एमआर वेगळे दाखवले नाहीत तर महिन्याच्या शेवटी फाउंड्रीशी भांडण होतं. बघा, कास्टिंगमध्येच ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, निघाला तर ते कास्टिंग रिजेक्शन म्हणजे सीआर, नुकसान फाउंड्रीचं, आणि आपल्याकडे बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठा झाला तर ते मशीनिंग रिजेक्शन म्हणजे एमआर, नुकसान आपलं, वर कास्टिंगचे पैसेपण आपल्याच बिलातून कापले जातात. ही गोष्ट बाहेरच्या डेव्हलपरला समजवायला दोन मीटिंग लागतात, आणि समजली तरी त्याच्या प्रोग्रॅममध्ये "रिजेक्ट" असा एकच रकाना येतो कारण त्याला तेवढंच ऐकू आलेलं असतं. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी दोन रकाने केले. लो-कोडचा, म्हणजे फारसा कोड न लिहिता अ‍ॅप बनवायच्या पद्धतीचा, खरा फायदा हाच आहे, जिला काम माहितीये तिनंच ते मांडायचं. लो-कोड हे नाव फॉरेस्टर नावाच्या अमेरिकन संशोधन कंपनीनं २०१४ मध्ये वापरात आणलं, पण प्रकार जुनाच आहे, नव्वदीत आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांत कोणीतरी अकाउंटंट फॉक्सप्रो नाहीतर अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या साधनांत स्वतःच स्टोअरचा प्रोग्रॅम बनवायचा आणि तो पंधरा-पंधरा वर्षं चालायचा. तेव्हा फॉर्म ओढून ठेवायचा, खाली टेबल जोडायचं, बटणावर दोन ओळी लिहायच्या, आत्तापण तेच, फक्त आता ते मोबाईलवर चालतं आणि गेटवरून फोटो काढून जोडता येतो.

आता नगांकडे येऊ, इथं जरा वेळ देतो कारण तुमचं अर्धं दुखणं इथंच आहे. तुम्ही शीट अशी केलीये की एक चलन म्हणजे एक ओळ, आणि पुढं "परत १", "परत २", "परत ३" असे रकाने. तुम्हीच दिलेलं उदाहरण घेतो. ३०० फ्लँज कोटिंगला गेले. पहिल्यांदा १८० आले, मग ७०, मग ३०, आणि ८ रिजेक्ट. तीन रकाने भरले. चौथ्यांदा १२ आले तेव्हा लिहायला जागाच नव्हती म्हणून पोरानं ते "शेरा" मध्ये टाकलं. आता शीट म्हणते १२ बाकी, कोटिंगवाला म्हणतो सगळे दिले, आणि त्यानं खरंच दिले होते. तुम्ही विचारलंय "परत ४" आणि "परत ५" वाढवू का. नका वाढवू, कधीतरी सहाव्यांदा येणारच. आणि त्यात एकाच चलनावर दोन वेगळे पार्ट गेले की मग ओळच फुटते, तेपण तुम्ही लिहिलंयच.

त्याऐवजी तीन शीट करा. पहिल्यात फक्त चलन, म्हणजे नंबर, तारीख, पार्टी, गाडी नंबर. दुसऱ्यात चलनावरचे पार्ट, एका पार्टला एक ओळ, म्हणजे चलनावर चार पार्ट असतील तर चार ओळी, प्रत्येकीत किती नग गेले तो आकडा. तिसरी शीट सगळ्यात महत्त्वाची, तिला हालचाल म्हणा, त्यात प्रत्येक वेळी काही परत आलं की एक नवीन ओळ: कुठल्या पार्टच्या ओळीवर, कधी, किती नग, आणि प्रकार म्हणजे चांगले, सीआर, एमआर नाहीतर काम न करता परत. वरच्या उदाहरणात हालचालीत पाच ओळी झाल्या, १८०, ७०, ३०, १२ आणि ८, बेरीज ३००, बाकी शून्य. सहाव्यांदा आलं असतं तरी फक्त एक ओळ वाढली असती. आणि "बाकी" हा आकडा कुणीही हातानं लिहायचा नाही, तो गेलेल्यातून हालचालीची बेरीज वजा करून अ‍ॅपनंच काढायचा, कारण हातानं लिहिलेली बाकी दुसऱ्या दिवशीच चुकते. अ‍ॅपशीटमध्ये या शीट एकमेकींना रेफ, म्हणजे एका शीटमधून दुसरीतल्या ओळीकडे जाणारा दुवा, लावून जोडता येतात, ते तुम्ही पार्टी मास्टरला, म्हणजे पार्ट्यांच्या यादीला, आधीच केलंय, तेच इथं करायचं.

अजून एक, हालचालीच्या शीटला फक्त नवीन ओळ टाकायची परवानगी ठेवा, जुनी बदलायची किंवा उडवायची नाही, ती सेटिंग टेबलच्या पातळीवर आहे. चूक झाली तर उलटी एंट्री करायची, म्हणजे वजा १० ची ओळ आणि कारण. सुरुवातीला सगळे कुरकुरतील पण सहा महिन्यांनी कोणी भांडायला आलं तर काय झालं, कधी झालं, कोणी केलं हे सगळं समोर असेल.

चलन नंबरबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण मला पत्र वाचताना खटकलं म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलंय की अ‍ॅप शेवटचा नंबर बघून त्यात एक मिळवतं. एकाच माणसाच्या फोनवर हे चालतं. दोन फोन असले आणि त्यातला एक मागच्या शेडमध्ये नेटवर्क नसताना चालू असला तर दोघांना तोच शेवटचा नंबर दिसतो आणि दोन चलनं एकाच नंबरची निघतात, आणि चलन क्रमानंच लागतं हा जीएसटीचा नियम आहे, नंबर सोळा अक्षरांच्या आत, आणि तीन प्रती, एक माल घेणाऱ्याची, एक गाडीबरोबर, एक आपली. म्हणून आतली ओळख वेगळी ठेवा, अ‍ॅपशीट स्वतः एक आडवातिडवा आयडी बनवून देतं तो वापरा, आणि चलनाचा खरा नंबर ऑफिसमधला एकच माणूस देईल असं करा. तोवर छापील चलन बुकातला नंबर बघून टाईप केला तरी चालेल, त्यात कमीपणा काही नाही.

मग तारीख. इथं अ‍ॅपचा फायदा एक्सेलपेक्षा खरंच मोठा आहे. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला माल एका वर्षात परत यायला पाहिजे, मशिनरीसारखी भांडवली वस्तू असेल तर तीन वर्षांत, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट मागे लागतो. डाय, जिग, फिक्स्चरला ती तीन वर्षांची अट नाही. ज्याचा माल तो आयटीसी-०४ हा जीएसटीचा फॉर्म भरतो, पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहा महिन्यांनी, त्याखाली असेल तर वर्षातून एकदा. म्हणजे फाउंड्रीनं तुमच्याकडे पाठवलेल्या कास्टिंगचा फॉर्म फाउंड्री भरणार, पण आकडे तुमच्याकडेच मागणार, आणि जे कास्टिंग तुम्ही स्वतः विकत घेऊन कोटिंगला पाठवता त्याचा फॉर्म तुमचा. म्हणून चलनाच्या शीटला "माल कोणाचा" हा एक रकाना आजच वाढवा, मार्चएंडला तुमचे सीए तुम्हाला दुवा देतील. आणि चलन निघून दहा महिने झाले आणि बाकी शून्य नाही अशी ओळ रोज सकाळी मेलवर यावी हे तुम्ही स्वतःच लावू शकता, अ‍ॅपशीटमध्ये त्याला ऑटोमेशन म्हणतात, एका दुपारचं काम आहे. दहा महिनेच का, तर उरलेल्या दोन महिन्यांत फोन करून, माणूस पाठवून, भांडून माल आणता येतो.

आता बिल आणि लेजरचं पान का काढायला सांगतोय. तुमचं टॅली चालू आहे, सीए त्यावरच बघतात, मग एकच बिल दोन ठिकाणी लिहायला लागलं की कुठला आकडा खरा हा प्रश्न रोज येणार. शिवाय तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात असं लिहिलंय, तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर असंच वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. गूगल शीटवर घरी बनवलेलं लेजर त्यात बसवणं म्हणजे ऑडिटरला आयतं कारण देणं. ई-इन्व्हॉइसचं पण तसंच, पाच कोटींच्या वर गेलात की ते सरकारी पोर्टलला जोडायला लागतं, ते काम टॅलीनं करू द्या. तुमच्या अ‍ॅपनं फक्त एवढंच सांगायचं की या पार्टीचे या महिन्यात चांगले नग इतके, सीआर इतके, एमआर इतके, आणि ते बघून ऑफिसातला माणूस टॅलीत बिल करेल. मला माहितीये ते पान बनवायला तुमच्या बऱ्याच रात्री गेल्यात, वाईट वाटेल, पण काढाच.

इन्स्पेक्शनवाले काका. तुम्ही लिहिलंय की ते "माझं काम मोजायचं, टाईप करायचं नाही" म्हणतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे ओ. तुमच्या स्क्रीनचा फोटो बघितला, चौदा रकाने आहेत, त्यातले नऊ त्यांना माहितीच नसतात. हाताला कूलंट लागलेलं असतं, चष्मा खिशात असतो, आणि मागं पोरगा दुसरा ट्रे घेऊन उभा असतो. त्यांच्यासाठी वेगळी स्क्रीन करा, त्यात पार्टचा फोटो, त्यावर बोट ठेवलं की चार मोठी बटणं मराठीत, चांगले, सीआर, एमआर, परत, मग नगाचा आकडा आणि संपलं. तारीख, वेळ, कोणी टाकलं हे अ‍ॅप स्वतः घेतं. तुमच्याकडे बिहार-ओडिशाची पण पोरं आहेत, त्यांना फोटो बघून पार्ट लगेच कळतो, पार्ट नंबर वाचायला लागत नाही. रिजेक्ट टाकलं की फोटो सक्तीचा करा, ब्लो होलचा फोटो त्याच क्षणी काढलेला असला की फाउंड्रीवाला वाद घालत नाही, आणि हे एकदा काकांच्या डोळ्यांसमोर झालं ना, म्हणजे त्यांनी काढलेल्या फोटोवरून डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचं पत्र, परत आली, की मग ते स्वतःच मागं लागतील. शेडमध्ये नेटवर्क नाही त्याची काळजी नको, अ‍ॅपशीट नेट नसताना पण एंट्री घेतं आणि नेट आल्यावर वर पाठवतं, फक्त सुट्टीच्या वेळी गेटपाशी आल्यावर सिंक झालं का बघायची सवय लावायला लागेल. फोटो मात्र गूगल ड्राइव्हमध्ये साठतात आणि साध्या जीमेलला १५ जीबीच जागा असते, त्यातच तुमचे घरचे फोटो आणि मेल पण आहेत, तेव्हा फोटोची साईज कमी ठेवा.

यावरूनच पुढचं. हे सगळं तुमच्या स्वतःच्या जीमेलवर आहे ते आधी बदला. कंपनीच्या डोमेनचं एक खातं घ्या आणि अ‍ॅप, शीट, फोटोंचा फोल्डर सगळं त्याच्या नावावर करा. उद्या तुम्ही आजारी पडलात, माहेरी गेलात, फोन हरवला, तर शॉप थांबता कामा नये. आणि अ‍ॅप उघडून दुरुस्त करू शकेल असा घरातला अजून एक माणूस तयार करा, दिरांनाच करा, ते कोटेशन आणतायत म्हणजे त्यांना रस आहे, त्यांना डावलू नका.

मामांची, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची शंका, की कंपनीनंच बंद केलं तर. ती खरी आहे, उगाच घाबरतायत असं म्हणून उडवून लावू नका. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅपशीट विकत घेतलं आणि त्याच महिन्यात स्वतःचं अ‍ॅप मेकर नावाचं असंच साधन बंद करणार म्हणून जाहीर केलं, जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झालं. ज्यांनी त्यात अ‍ॅप बनवली होती त्यांचा डेटा राहिला पण स्क्रीन आणि त्यामागचं सगळं डोकं दुसरीकडे नव्यानं बांधायला लागलं. म्हणजे मामा म्हणतात तसं झालेलं आहे. पण मामांना हेपण सांगा की मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच सांगितलं होतं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, २०१५ च्या जानेवारीत सपोर्टपण संपला, आणि डेव्हलपरनं बनवून दिलेले प्रोग्रॅमसुद्धा तो डेव्हलपर बंगळूरला नोकरीला गेला की तसेच अडकतात. धोका दोन्हीकडे आहे. तुमच्या बाबतीत जमेची गोष्ट ही की डेटा साध्या गूगल शीटमध्ये आहे, तो कुठंही नेता येतो. म्हणून दर शनिवारी तिन्ही शीट एक्सेलमध्ये उतरवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि एका वहीत नाहीतर वर्डच्या फाईलमध्ये कुठल्या शीटमध्ये काय आहे, बाकी कशी निघते, मेल कधी जातो हे मराठीत साधं लिहून ठेवा. दोन पानं होतील. उद्या नव्यानं बांधायची वेळ आली तर त्या दोन पानांवर महिन्याभराचं काम वाचेल.

सुरक्षेचं तुम्ही एका ओळीत विचारलंय, "पार्टीचे रेट कोणाला दिसणार नाहीत ना?" आत्ता दिसतायत, ताई. तुम्ही रेटचा रकाना स्क्रीनवरून लपवलाय, पण लपवणं म्हणजे बंद करणं नाही, तो डेटा फोनपर्यंत जातोच. अ‍ॅपशीटमध्ये सिक्युरिटी फिल्टर म्हणून वेगळी सोय आहे, त्यानं त्या माणसाला नको ती ओळ फोनवर जातच नाही. फिल्टर ओळीवर लागतो, रकान्यावर नाही, म्हणून रेट काढून वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि त्या शीटला फिल्टर लावा. आणि मूळ शीट "लिंक असेल तो बघू शकतो" अशी ठेवलीये ती आत्ताच बंद करा, कारण मागचं दार उघडं असलं तर अ‍ॅपमधल्या परवानग्यांना काहीच अर्थ नाही. हे मोठमोठ्यांकडून पण सुटलंय, २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्स या अशाच साधनावर बनवलेल्या पोर्टलमधून ३ कोटी ८० लाख नोंदी इंटरनेटवर उघड्या सापडल्या होत्या, त्यात अमेरिकेतल्या राज्य सरकारांचा आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचा डेटा होता, आणि कारण एवढंच की टेबलची परवानगी चालू करायची राहिली होती. कोणी हॅक वगैरे केलं नव्हतं.

अ‍ॅपशीटच्या पैशाचं गणित माणशी असतं, म्हणजे जितके लोक वापरतात तितके महिन्याचे पैसे. दहा जणांपर्यंत चाचणीला फुकट वापरता येतं म्हणून तुमचं आत्तापर्यंत निभावलं, पण रोजच्या कामाला लायसन्स घ्या. बावीस जणांची गरज नाही, एंट्री करणारे कोण, तर स्टोअर, इन्स्पेक्शनचे दोघं, गाडीबरोबर जाणारा आणि ऑफिस, म्हणजे पाच-सहा जण. पैसे वाचवायला सगळ्यांना एकच लॉगिन देऊ नका, मग कोणी एंट्री केली हेच कळत नाही आणि रिजेक्शनच्या एंट्रीत तेच तर सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरं काही घ्यावं का असं तुम्ही विचारलंय म्हणून थोडक्यात. झोहो क्रिएटर चेन्नईच्या झोहोचं, २००६ पासून आहे, डेटा शीटमध्ये न ठेवता त्यांच्याकडेच ठेवतं आणि डेल्युज नावाची त्यांची छोटी भाषा शिकावी लागते, ओळी फार वाढल्या की ते शीटपेक्षा बरं पडेल. पॉवर अ‍ॅप्स तुम्ही मायक्रोसॉफ्टचं ऑफिस पॅकेज आधीच घेत असाल तरच बघा, आणि त्यात एक खाच आहे, काही प्रकारची शोधाशोध मूळ ठिकाणी न होता फोनवर होते आणि तिथं पहिल्या ५०० ओळीच बघितल्या जातात, सेटिंग वाढवली तरी २००० पर्यंतच, बनवणाऱ्याला इशारा दिसतो पण वापरणाऱ्याला काहीच कळत नाही, त्याला फक्त जुनं चलन "सापडत नाही". तिसरं मला मनापासून आवडतं ते म्हणजे ईआरपीनेक्स्ट, मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, ओपन सोर्स म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, माणशी लायसन्स नाही, जॉबवर्कला माल पाठवायची आणि परत घ्यायची सोय त्यात आधीच आहे आणि आपल्याला पाहिजे तो फॉर्म कोड न लिहिता वाढवता येतो. पण त्याला सर्व्हर सांभाळणारं कोणीतरी लागतं आणि ते अख्खं ईआरपी आहे, म्हणजे खरेदीपासून हिशोबापर्यंत सगळा धंदा एकाच सॉफ्टवेअरमध्ये. आज तुम्हाला त्याची गरज नाही. दुसरं युनिट काढलंत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वगैरे, तर पहिल्यांदा हेच बघा.

राहिलं सहा लाखाचं कोटेशन. ते फाडू नका, फाईलला ठेवा. ग्राहकाला स्वतःचा माल कुठवर आलाय ते बघायला लॉगिन द्यायची वेळ आली, किंवा मशीनवरून थेट उत्पादनाचा आकडा घ्यायचा झाला, तर ते काम घरच्या अ‍ॅपचं नाही, तेव्हा डेव्हलपर लागेलच. त्यावेळी त्याला चार गोष्टी लेखी विचारा: सोर्स कोड कोणाच्या ताब्यात, डेटा एक्सेलमध्ये कधीही काढता येईल का, पहिल्या वर्षानंतर एएमसी, म्हणजे देखभालीचे वर्षाचे पैसे, किती, आणि एक रकाना वाढवायचा झाला तर किती दिवस आणि किती पैसे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, तुमच्या धंद्यात पार्ट आणि पार्टीच्या अटी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. आणि त्याला तोंडी काही समजवत बसू नका, तुमचं चालतं अ‍ॅप त्याच्या हातात द्या आणि म्हणा हे असंच पाहिजे. दिरांनी आत्ता आणलेल्या कोटेशनमध्ये सीआर-एमआरचा उल्लेखच नाही, मी दोनदा वाचलं.

बदल करताना जुना डेटा सगळा नव्या मांडणीत ओढत बसू नका. ज्या चलनांची बाकी शून्य नाही तेवढीच घ्या, ती पण शीटवरून नाही तर कोटिंगवाल्याकडे आणि ग्राइंडिंगवाल्याकडे जाऊन त्यांच्या वहीशी ताळा करून, दोघांची सही घेऊन. बाकी जुनी शीट जशी आहे तशी बंद करून ठेवा. पहिला महिना फक्त कोटिंगला जाणारा माल नव्या पद्धतीनं चालवा, चलन बुक बरोबरीनं चालू ठेवा, आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटं काका आणि तुम्ही मिळून दोन्हीकडचे नग जुळवा. जिथं जुळणार नाहीत ती ओळ, चलनाच्या फोटोसकट, मला पाठवा.